बटणांचा दगड

मालक त्या खोलीत शिरण्याआधी दारावर बोटानं हलकं टकटक करायचे. आत माणूस नसायचं. आत होती पलंगाएवढी लांब काचेची टाकी, तिच्यावरचा निळा उजेड आणि खारं पाणी. टकटक केल्यावर ते क्षणभर थांबायचे, आतून कुणी ‘या’ म्हणेल अशा चेहऱ्यानं, मग अनवाणी पाय पुन्हा एकदा पायपुसण्यावर घासून आत जायचे. मी एकदा विचारलं, हे कशासाठी. म्हणाले, “दचकतात की. आपल्या घरात कुणी न सांगता घुसलं तर आपल्याला चालंल का?”

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. माझं घर मोहोळचं, नोकरी सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात, एक्स-रे काढायची. सकाळच्या पाळीला एसटीनं वेळेवर पोचणं जमेना म्हणून खोली घेतली. मालकांचं नवी पेठेत टॉवेल आणि चादरींचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. घर मात्र होटगी रस्त्याकडच्या एका शांत गल्लीत. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणायला लागले. मालक पन्नाशी ओलांडलेले, बारीक चणीचे, कपाळावर भस्म, आणि गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. टाकीवर वाकायच्या आधी ती डबी ते पाठीवर टाकायचे, बायका वेणी टाकतात तशी.

खोली देताना त्यांनी मला माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच सांगितलं की उदबत्ती लावायची नाही, डासांची कॉइल नाही, अंगावर फवारायचं काही नाही आणि फिनेल तर अजिबात नाही. हवेतलं सगळं शेवटी पाण्यात उतरतं, म्हणाले. ह्याच कारणानं अक्कांचं देवघर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेलं होतं. अक्का गुडघे धरत रोज वर चढायच्या आणि माझ्या दारासमोर दम खात उभ्या राहायच्या. नळाला पाणी चार-चार दिवसांनी यायचं. ते आलं की मालक आधी यंत्रातून गाळून पिंपं भरायचे, त्यात पोत्यातलं समुद्राचं मीठ विरघळवायचे. “आमच्याकडं आधी समुद्र भरायचा, मग हंडे,” अक्का म्हणायच्या. तक्रारीचा सूर नसायचा. सवयीचा असायचा.

खरा समुद्र मालकांनी एकदाच पाहिला होता, लग्नानंतर, मालवणला. अक्का सांगायच्या की मालक दोन दिवस खोलीची खिडकी लावून बसले. किनाऱ्यावर यायला तयारच होईनात. मी मालकांना त्याबद्दल छेडलं तेव्हा ते हसले नाहीत. समुद्र फार मोठा आहे, त्याला आपण दिसत नाही, तिथं उभं राहून काय करायचं, असं काहीसं म्हणाले. मग टाकीकडे बोट दाखवून आवाज खाली आणला. “हे मात्र बघतंय आपल्याला.”

दोघं एकमेकांशी कानडीत बोलायचे, माझ्याशी मराठीत. टाकीशी मालक फक्त कानडीत बोलायचे, तेही जवळजवळ एकच शब्द. काचेला नाक लावून ‘नोडु, नोडु’ म्हणायचे, म्हणजे बघ, बघ. ते स्वतःला सांगत होते की पाण्यातल्यांना, हे मला कधी कळलं नाही.

टाकीत मासे अगदी मोजके. मालकांना माशांचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव होता दगडांवर, म्हणजे दगडांवर वाढणाऱ्या प्रवाळांवर. कापडवाला माणूस, त्यानं सगळ्यांना कापडाचीच नावं दिली होती. एक मखमल, एक झालर, एक गोंडे. आणि एका मोठ्या, नारळाएवढ्या दगडावर दाटीनं बसलेली गोल गोल चपटी फुलं, ती बटणं. हिरवी, मधे नारिंगी ठिपका, कडेनं पापणीच्या केसांसारखी झालर. फुलं म्हणायचं एवढंच, होते ते प्राणी. आपली सावली पडली की सगळी एकदम मिटायची आणि दगडावर नुसती मळकट बोंडं उरायची. थोडा वेळ हललं नाही की पुन्हा एकेक उघडायचं.

ह्या दगडाला हात लावताना मालक रबरी हातमोजे घालायचे आणि डोळ्यांना चष्मा लावायचे. इतरांना नाही, ह्यालाच. बटणं चिरडली तर त्यांच्यातून विष निघतं, बोटाला जखम असली तर अंगात जातं, असं त्यांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं. त्यांच्या बोलण्यात त्याची भीती नव्हती. उलट थोडा मानच होता.

दिवाळीनंतर मुंबईच्या एका माणसाकडून त्यांनी बटणांचा आणखी एक लहान दगड मागवला. रात्रीच्या बसनं, थर्माकोलच्या डब्यात आला. तो टाकीत गेला आणि काही आठवड्यांनी मोठ्या दगडावरची बटणं उघडेनाशी झाली. आधी एका कोपऱ्यातली, मग त्यांच्या शेजारची. मालकांनी पाणी तपासलं, मीठ तपासलं, दिवे खालीवर केले. मी वापरत असलेल्या साबणाचं नाव विचारून गेले. काही उपयोग झाला नाही.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. दारावर टकटक केली, मला आत घेतलं, हातात भिंग दिलं.

“तुमी हाडं बघता. आता हे बघा. ह्यातलं एक बटण न्हाय.”

मी खूप वेळ बघत राहिले. खोलीत एसीचा गारवा, पंपाची घरघर, आणि माझ्या मानेमागे त्यांचा श्वास. उघडलेली बटणं पाण्याच्या ओढीबरोबर डुलत होती, सगळ्यांच्या झालरी एकाच दिशेला. मला काहीच वेगळं दिसेना. मग मालक हळूच म्हणाले, पाणी जिकडं जातंय तिकडं न जाणारं शोधा. आणि ते मला दिसलं. तेच हिरवं, तोच नारिंगी ठिपका, तीच झालर. पण तिचे केस पाण्याच्या उलट वळत होते. बघता बघता ते सगळं जागेवरून पुढे सरकलं. जिथून सरकलं तिथं दगड उघडा पांढरा पडला होता.

मालकांनी समजावून सांगितलं. शंख नसलेल्या गोगलगायीच्या जातीचा किडा. बटणं खातो, आणि जी बटणं खातो त्यांचाच रंग त्याच्या अंगात उतरतो. हिरवी खाल्ली की हिरवा, तांबडी खाल्ली की तांबडा. पाठीवरची झालर तर जन्मापासूनचीच.

त्या दिवसापासून लढाई सुरू झाली. मालक दगड बाहेर काढायचे, टबात आयोडीन घातलेल्या तपकिरी पाण्यात बुडवायचे, हलवायचे. किडे सुटून तळाला पडायचे. चिमट्यानं उचलून ते दुकानातल्या पांढऱ्या टॉवेलच्या तुकड्यावर ठेवायचे, ओळीनं. मग बटणांच्या देठांशी चिकटलेली अंडी, पांढऱ्या दोऱ्याच्या वेटोळ्यासारखी, जुन्या टूथब्रशनं घासून काढायचे. अंड्यांना औषध लागू पडत नव्हतं, आणि एखादं वेटोळं हमखास राहून जायचं. काही दिवस बटणं उघडायची, मालक खुशीत दुकानात जायचे. मग पुन्हा एक कोपरा मिटायचा.

टॉवेलवरचे किडे मी एकदा थांबून पाहिले. पाण्याबाहेर आल्यावर हिरवा रंग उतरत जायचा आणि मागे उरायचा तो बुळबुळीत, पाण्याच्या रंगाचा थेंब. मालक त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत बसले होते. “मेल्यावर रंग सोडतंय,” ते म्हणाले. “तोवर काय खरं कळत न्हाय, कोण हाय ते.”

उन्हाळा लागेपर्यंत त्यांचं दुकानात जाणं बंद झालं. दिवसभर खोलीत, भिंग घेऊन. जेवायला बाहेर यायचे तेही डोळे बारीक करून, आणि ताटाकडे, भिंतीकडे, अक्कांकडे तसंच बघायचे. एकदा मी जिन्यातून उतरत होते, ते खाली उभे होते. बाजूला झाले नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला ओढणी, केस, सगळं चाचपावंसं वाटलं. शेवटी म्हणाले, “तुमीच हाय न्हवं?” मी हो म्हणाले. मग ते बाजूला झाले.

गल्लीत लोक म्हणत होते, मालकांना छंदानं खाल्लं. अक्का तसं म्हणत नव्हत्या. त्यांचं वेगळंच चालू होतं. एका दुपारी गच्चीवर वाळवणाच्या सांडग्यांपाशी बसून त्यांनी मला सांगितलं की हे हल्ली मला जुनं काहीबाही विचारतात. लग्नातल्या शालूचा रंग कुठला होता. मालवणच्या खोलीत पाण्याचा माठ कुठं होता. मी उत्तर दिलं की मान हलवतात आणि आत जातात. परीक्षा घेतल्यासारखं.

“काल मी मुद्दाम चुकीचं सांगितलं,” अक्का म्हणाल्या. “शालू जांभळा होता. मी हिरवा म्हणाले.”

मी विचारलं, मग?

“मग काय न्हाय. मान हलवली. बरोबर, म्हणाले.”

त्या सांडगे उलटे करत राहिल्या. गच्चीवर ऊन इतकं होतं की पत्रा आपोआप वाजत होता. मला त्यांना काहीतरी धीराचं सांगायचं होतं. वयानं विसरतं माणूस, एवढंच सुचलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

मे महिन्यात ते घडलं. मी सकाळची पाळी करून दुपारी परत आले. उन्हाच्या झळांनी सगळ्या गल्लीची दारं-खिडक्या लागलेली होती, आमच्याही घराची. दार ढकलून आत आले तर वास आला. जळक्या केसांचा आणि त्याखाली लोखंडाचा, ओल्या गजाला येतो तसा. एसीची, पंपाची घरघर चालू होती. बाकी घरात आवाज नव्हता. मी हाक मारली, कुणी ओ दिली नाही.

स्वयंपाकघरात अक्का जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर झाकण धरून. डोळे उघडे, लाल. गॅसवर मोठं पातेलं होतं, त्यातलं पाणी आटत आलं होतं आणि तळाशी बटणांचा दगड खदखदत होता. बटणं विरघळून त्याच्यावर करडी साय धरली होती. खिडकी बंद, भिंतींवर वाफेचे ओघळ. माझा घसा तिथल्या तिथं खवखवायला लागला.

“पोरी,” अक्का म्हणाल्या, “तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यागत लागतंय.” मग म्हणाल्या, “हात उचलत न्हाय.”

मी ओढणी नाकाला धरली, गॅस बंद केला, खिडकी उघडली. मग त्यांना काखेत धरून ओढत अंगणात आणलं. त्या जड नव्हत्या, पण एक बोटही हलवत नव्हत्या. मालक टाकीच्या खोलीत खुर्चीवर होते, टाकीसमोर, भिंग हातात. धापा टाकत होते, ओठ निळसर, की तो उजेडच तसा होता. मी दंडाला धरून उठवलं तर उठले. दारातून बाहेर पडताना म्हणाले, “दार लावून घ्या. वास आत जाईल.” दार लावेपर्यंत पाऊल उचललं नाही.

शेजारच्यांनी रिक्षा आणली, मी दोघांना आमच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना आधी उष्माघात वाटला, मग अन्नातली बाधा. काय खाल्लं, काय शिजवलं, असं त्यांनी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, “दगड.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना वाटलं, माणूस भ्रमात आहे. मी सगळं सांगितलं. बटणांचं विष, हातमोजे, पातेलं, बंद खिडकी. त्यांनी तिथंच फोनवर शोधलं, वाचता वाचता खुर्ची ओढून बसले. अशा दगडांची वाफ घरादाराला भोवल्याचं लिहिलेलं होतं. ह्याला उतारा नाही, ते म्हणाले, शरीर आपलं आपण निस्तरतं, आपण फक्त श्वास आणि स्नायू सांभाळायचे. दोघांना प्राणवायू लावला, सलाइन लावलं. मलाही एक दिवस खोकला आणि डोळ्यांची आग होती. मालक लवकर सावरले. अक्कांच्या छातीचा एक्स-रे मीच काढला. यंत्रामागे उभं राहून ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हणाले आणि त्यांना तो धरता आला नाही. मला तो दोनदा काढावा लागला.

मालक त्यांच्या खाटेशी बसून असायचे. मी एकदाच विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना, बटणांत विष असतं? ते म्हणाले, सगळे उपाय झाले होते, अंडी मरेनात, म्हणून म्हटलं दगड एकदाचा उकळून काढावा, कोरा करावा, परत टाकावा. चिरडल्यावर विष असतं ते माहीत होतं. वाफेत येतं ते कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी अक्कांच्या हातावरची चादर सारखी केली.

“न्हायतर सांगितलंबी असंल,” ते म्हणाले. “आता आठवत न्हाय.”

अक्कांचे कपडे आणायला आणि माशांना खायला घालायला मी दुसऱ्या दुपारी घरी गेले. पातेलं तसंच होतं. ते मी दगडासकट पिशव्यांत बांधून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवलं. मग टाकीच्या खोलीचं दार उघडलं. मुंबईहून आलेल्या लहान दगडावरची बटणं टाकीत राहिली होती. कित्येक महिने मी ती धड उघडलेली पाहिली नव्हती. त्या दिवशी एकूण एक उघडी होती, झालर ताणून, बशीएवढी वाटावीत अशी. मी जवळ गेले. माझी सावली त्यांच्यावर पडली. एकही मिटलं नाही. खाणं टाकलं न टाकलं तशी मी बाहेर पडले आणि रस्त्यावर येईपर्यंत मागे पाहिलं नाही.

अक्का घरी आल्या तेव्हा चालत आल्या, पण हात खांद्याच्या वर जात नव्हते. डॉक्टरांनी उन्हापासून, उकाड्यापासून जपायला सांगितलं होतं, आणि घरात एसी एकाच खोलीत होता. तेव्हा त्यांची खाट टाकीच्या खोलीत घातली. मालकांनी त्यांना भरवायचं, त्यांचे केस विंचरायचे, पातळ नेसताना मदत करायची. हे सगळं ते फार मन लावून करायचे. दुकान उघडायला लागले. माणसांकडे पूर्वीसारखं साधं बघायला लागले. मला वाटलं, घरावरचं सावट गेलं.

त्यांनीच मुंबईच्या माणसाला फोन करून टाकी घेऊन जायला सांगितलं. तो यायच्या दिवशी अक्कांनी खाटेवरून नको म्हटलं. का, ते सांगितलं नाही. कानडीत थोडं बोलणं झालं, मालकांनी माणसाला परत फोन केला, आणि टाकी राहिली. मीठ, पाणी, दिवे हे मालक बाहेरून बघायचे. खोलीत जेवढ्यास तेवढे जायचे. पुढे अक्कांचे हात सुधारले, पाऊस पडून हवा गार झाली, तरी खाट तिथून हलली नाही. गच्चीवरच्या देवघरात त्या चढेनाशा झाल्या. मीच सकाळी दिवा लावायचे. चहाला त्या बाहेर येत, पण बोलता बोलता थांबत आणि दाराकडे कान देत.

मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी सामान खाली आणून ठेवलं आणि अक्कांना भेटायला गेले. त्या टाकीसमोर मालकांच्याच खुर्चीवर बसल्या होत्या, पाठमोऱ्या, मालकांचंच भिंग हातात. मी म्हणाले, अक्का, येते मी. त्या वळल्या नाहीत.

“आत येऊ नको, पोरी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आत्ताच उघडल्यात.”

मी उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार केला आणि फाटकाशी आले. मालकांनी माझी बॅग उचलली होती. रिक्षा यायची होती. ते जरा वेळ घुटमळले, मग विचारलं की तिनं तुमाला ओळखलं का.

“हो की,” मी म्हणाले. “पोरी म्हणाल्या मला.”

मालकांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. घराकडे पाहिलं नाही.

“तितं बसल्यावर मलाबी पोरीच म्हणती,” ते म्हणाले, आणि रिक्षा आली तसे बॅग आत ठेवून ड्रायव्हरला स्टेशन सांगितलं.